मला त्यांच्यातच धर

"हबशी आहेत गं शेजारी. मागचं दार नीट लावत जा."

मी दोरीवर चादर वाळत घालत होते. आवाज कुंपणापलीकडून आला. पुरुषाचा. मराठीत. पुण्याच्या मराठीत.

हातातला चिमटा हातातच राहिला.

रॉटरडॅमला लागून कापेल नावाचं गाव आहे. तिथल्या एका गल्लीत, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांपैकी एका घरात, मी आणि माझा नवरा ग्लेन अकरा वर्षं राहतोय. शेजारचं घर बरेच दिवस रिकामं होतं. त्याच आठवड्यात तिथे कुणीतरी राहायला आलं होतं. खोकी उतरवताना मी खिडकीतून पाहिलं होतं. बाईच्या हातात कडीचा स्टीलचा डबा होता. मी ग्लेनला म्हणाले, आपल्याकडचे दिसतात. आपल्याकडचे. असंच म्हणाले होते मी.

"हळू बोल रे," बाई म्हणाली.

"त्यांना काय कळतंय."

मी चादर सारखी केली. कुंपणाजवळ गेले. म्हटलं, "दार लावा, पण त्या दाराची कडी बसत नाही. आधीच्या लोकांनाही त्रास होता. जरा उचलायचं आणि मग लोटायचं."

पलीकडे दार आपटलं. उचललं नव्हतं. कडी बसली नाही.

मी काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही. काळी. केस कुरळे, ओठ जाड. माझे वडील केनियाहून पुण्यात शिकायला आले होते. आई खडकीची, नर्स. मी दोन वर्षांची असताना वडील परत गेले आणि तिकडचेच झाले. आईच्या माहेरच्यांनी आमचं नाव टाकलं. आम्ही दोघी भाड्याच्या एका खोलीत राहिलो. मी मराठी शाळेत गेले. हजेरीत माझं नाव होतं, पण बाई सोडून ते कुणी घेत नसे. सगळे हबशीण म्हणायचे. मधल्या सुट्टीत माझ्या केसांत पेन्सिली खोचून बघायचे, पडतात का. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, "बघा, ही अशी असून किती शुद्ध बोलते. आणि तुम्ही?" सगळे हसले. मीही हसले. मला ती स्तुती वाटली.

पुढे लॅबचा कोर्स केला. दुबईत नोकरी लागली. तिथे ग्लेन भेटला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. तोही काळा. त्याचे आईवडील सुरिनामहून, एका जुन्या डच वसाहतीतून, इथे आलेले, तो जन्मला रॉटरडॅममध्ये. लग्न करून मी इकडे आले. इथल्या एका हॉस्पिटलात मी लोकांचं रक्त काढते. तपासणीसाठी.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. तोवर रोज फोनवर बोलायचो. ती गेल्यावर मराठी बोलायला कुणी उरलं नाही. भांडी घासताना मी स्वतःशीच बोलायचे. इथे मराठी लोकांचे कार्यक्रम होतात. दोनदा गेले होते. एकदा दारावर विचारलं, तुम्ही केटरिंगच्या का. दुसऱ्यांदा एका काकूंनी माझ्याशी इंग्रजीत बोलून घेतलं, मी मराठीत उत्तर देत होते तरी. तिसऱ्यांदा गेले नाही.

एवढं सांगते कारण पुढे मी मूर्खासारखी वागले. ते का, हे कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. आमच्या घरांमागून एक अरुंद बोळ जातो. सायकली आणि कचऱ्याचे डबे तिथूनच नेतात. बोळात शेजारची उभी होती. तिशीतली, गोरी, चष्मा. हातात झाकलेली वाटी.

"मी मृणाल," ती म्हणाली. "काल निखिल जे बोलला... सॉरी ताई. खरंच सॉरी. आम्हाला वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

वाटीत शिरा होता. केळं घातलेला. आईसारखाच.

मी तिला आत घेतलं. चहा केला. ती रडली. मीच तिची समजूत घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की ती जे मनात आलं त्याची माफी मागत नव्हती. मला ते कळलं, याची मागत होती.

अडीच वर्षं ती माझी मृणाल होती आणि मी तिची ताई.

सायकल मी तिला शिकवली. पालिकेचे कागद मी भरून दिले. डॉक्टरांकडे पहिल्यांदा मी घेऊन गेले. इथे डॉक्टर काही झालं की पॅरासिटमॉल घे म्हणतो. तिच्या पोटात गाठ होती. मी डॉक्टरसमोर बसून डचमध्ये भांडले, तेव्हा त्यानं तिला हॉस्पिटलात पाठवलं. ऑपरेशन झाल्यावर तिला पेज मी नेऊन दिली. ग्लेननं पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दाराची कडी बसवून दिली. निखिलनं त्याला थँक्यू ब्रदर म्हटलं. कडी बसेपर्यंत मात्र तो शेजारीच उभा राहून बघत होता.

बुधवारी दुपारी मृणाल यायची. आम्ही मराठी बोलायचो, बाकी काही नाही. भाजीचं, ऑफिसचं, सासूचं. ती गेली की घर बराच वेळ गरम वाटायचं मला.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कीस राहतो. साठ ओलांडलेला, उंच. त्याला नोकरी होती तोवर त्याला आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. निवृत्त झाला आणि मागे लागला. गल्लीचा एक फोन ग्रुप आहे, चोऱ्या होऊ नयेत म्हणून. तो कीस चालवतो. एक दिवस त्यानं ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, "शिडी घेऊन अनोळखी माणूस फिरतो आहे. सावध राहा." फोटोत ग्लेन होता. आमच्याच घरासमोर. आमचीच शिडी. कीस त्याला नऊ वर्षं ओळखत होता.

त्या फोटोखाली तीन अंगठे होते. एक निखिलचा.

मी मृणालला विचारलं. ती म्हणाली, "अगं, त्याचा चुकून लागला असेल. तो न वाचताच दाबतो."

मी म्हटलं, बरं.

मग आमच्या कचऱ्याच्या डब्यावर चिठ्ठ्या यायला लागल्या. अंगणात कुत्र्याची घाण पडायला लागली. ग्लेनचा पन्नासावा वाढदिवस होता, दुपारी चार वाजता गाणी लावली होती, तर पोलीस आले. इथे डिसेंबरच्या सणात गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासून काळा पीट नावाचा नोकर होतात. त्या दिवसांत कीसनं ग्लेनला रस्त्यात थांबवलं आणि चार लोकांसमोर म्हणाला, "यंदा मुलांसाठी काळा पीट हो की. तुला रंगाचा खर्च नाही." लोक हसले. ग्लेन घरी आला आणि बूटही न काढता जिन्यात बसून राहिला.

हे सगळं मी मृणालला सांगायचे. ती म्हणायची, "कसला घाणेरडा माणूस आहे, ताई. त्याच्याकडे लक्ष नको देऊ." ती हे माझ्या स्वयंपाकघरात म्हणायची. ग्रुपवर कधीच काही लिहिलं नाही तिनं. मी तेही मनावर घेतलं नाही. नवीन आहेत, घाबरत असतील. त्यांच्या वतीनं कारणं मीच शोधत होते.

मग तो शनिवार आला. ऑक्टोबरातला. दुपार. ग्लेन मागच्या बोळातून सायकल आणत होता. मी अंगणात होते. कीसनं त्याचा डबा बोळाच्या मधोमध उभा केला होता आणि तिथेच थांबला होता. ग्लेन म्हणाला, "जरा बाजूला घेता का?" कीसनं एक शब्द वापरला. तो डच शब्द मी इथे लिहिणार नाही. ग्लेननं स्वतःच डबा सरकवला. कीसनं दोन्ही हातांनी त्याला ढकललं. ग्लेन सायकलीवर पडला. हाताखाली सायकल, वर तो. मनगटाचा आवाज मी ऐकला.

मी धावले. वर पाहिलं. शेजारच्या वरच्या खिडकीत मृणाल होती.

दोन मिनिटांत ती खाली आली. हातात गोठवलेल्या मटारची पिशवी. ती ग्लेनच्या मनगटावर ठेवत मला म्हणाली, "मी पाहिलं, ताई. सगळं पाहिलं. त्यानंच ढकललं. आमच्या मागच्या कॅमेऱ्यातही आलं असेल."

मला इतकं बरं वाटलं. नवऱ्याचं मनगट मोडलेलं, आणि मला बरं वाटत होतं. कुणीतरी पाहिलं होतं. माझ्या भाषेतल्या माणसानं पाहिलं होतं.

पोलिसांना कीसनंच बोलावलं. आपल्यावरच हल्ला झाला म्हणाला. दोन पोलीस आले. त्यांनी आधी ग्लेनकडे ओळखपत्र मागितलं. ते त्याच्या मागच्या खिशात होतं आणि उजवा हात हलत नव्हता. मी काढून दिलं. मग मी म्हटलं, शेजारणीनं पाहिलंय, तिला विचारा.

निखिल फाटकापर्यंत आला. मृणाल त्याच्या मागे. निखिल इंग्रजीत म्हणाला, "आम्ही काही पाहिलं नाही. आम्ही आत होतो. आम्हाला या लोकांच्या भांडणात पडायचं नाही."

पोलिसानं मृणालकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

तिनं मान हलवली. नाही.

मी मराठीत म्हणाले, "मृणाल, आत्ता तू मला काय म्हणालीस?"

ती जमिनीकडे बघत होती. पोलिसानं विचारलं, "काय म्हणतायत त्या?" निखिल म्हणाला, "मला कळलं नाही."

मराठी कळलं नाही त्याला.

तरीही मी थांबले. कॅमेऱ्याचं चित्रण होतं ना. दुसऱ्या दिवशी मेसेज केला. मृणालचं उत्तर आलं, "बघते हं ताई." चार दिवसांनी पुन्हा विचारलं. "पासवर्ड निखिलकडे आहे, बघते." मग तो ऑफिसच्या कामाला बाहेरगावी. मग तिला सर्दी. मग "या वीकेंडला नक्की." ग्लेन प्लास्टरमध्ये होता. तो मला म्हणाला, "ती देणार नाही." मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, तू तिला ओळखत नाहीस.

महिन्यानंतर मेसेज आला. "ताई, सो सॉरी. त्यात तीस दिवसांनंतर आपोआप डिलीट होतं म्हणे. आम्हाला माहीतच नव्हतं."

निखिल कॅमेऱ्यांच्याच सॉफ्टवेअरवर काम करतो.

शेजाऱ्यांचे तंटे मिटवायला इथे मध्यस्थ असतात. त्यांनी आम्हाला आणि कीसला बोलावलं. समाजमंदिरासारखी एक खोली, लांब टेबल, पाण्याचा जग. मध्यस्थ एक वयस्कर बाई होत्या, मृदू बोलणाऱ्या. कीस फाईल घेऊन आला होता. त्यातून त्यानं एक कागद काढून टेबलावर सरकवला. पालिकेला लिहिलेलं पत्र होतं. घर नंबर सत्तावीसच्या रहिवाशांमुळे आम्हाला गल्लीत असुरक्षित वाटतं, त्यांच्या वागण्याची दखल घ्यावी. सत्तावीस म्हणजे आमचं घर. खाली अकरा सह्या.

कीस म्हणाला, "हे फक्त माझं मत नाही. तुमच्या शेजारच्या भारतीयांनीसुद्धा सही केली आहे."

मी कागद जवळ ओढला. दहा सह्या नुसत्या रेघोट्या होत्या. एकही वाचता येईना. अकरावी देवनागरीत होती. मृणाल. ऋकार नीट काढलेला, वर सरळ रेघ. त्या टेबलाभोवती ती सही वाचता येणारी मी एकटीच होते.

मध्यस्थ बाईंनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

मी म्हटलं, "मला या कागदाचा फोटो हवा आहे." काढला. उठले. ग्लेन माझ्या मागोमाग आला. मी सांगितलं होतं, असं तो गाडीत म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

घरी आल्यावर मी कोट काढला नाही. तशीच शेजारी गेले. पुढच्या दाराची बेल वाजवली.

मृणालनं दार अर्धं उघडलं. मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून कोपऱ्यावरच्या घराकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तू? मागून ये ना. मी दार उघडते."

तेव्हा मला दिसलं. अडीच वर्षांत मी त्या घरात पुढून कधी गेले नव्हते. ती माझ्याकडे पुढून कधी आली नव्हती. पेज मी बोळातून नेली होती. शिरा बोळातून आला होता. आमच्या सगळ्या मैत्रीला पुढचा रस्ता माहीतच नव्हता. आई सांगायची, तिच्या माहेरी काम करणाऱ्या बाईला मागच्या दारानं यायला लावायचे, आणि ती बाई किती प्रेमळ होती, घरातलीच होती, असंही सगळे म्हणायचे.

मी म्हटलं, "इथेच बोलू."

"अगं, थंडी आहे."

"ही सही तुझी का?" मी फोन पुढे धरला.

ती बघत राहिली. "निखिल म्हणाला... आमचा इथे राहायचा परवाना वाढवायचा अर्ज गेलाय, ताई. आत्ता कुणाशी वाकडं नको. कीस घरी आला होता कागद घेऊन. सगळ्यांनी केली होती."

"सही निखिलनं केली का?"

"मी केली. पण त्यात तुझं नाव नव्हतं गं. नुसता घर नंबर होता."

ती बोलत राहिली. मी गप्प बसले की तिला असं बोलत राहायची सवय होती.

"तू आमच्यातलीच आहेस, ताई. तुला मी कधी त्यांच्यात धरलंच नाही. देवाशपथ. तुझं मराठी, तुझं वागणं, सगळं आपल्यासारखं. ग्लेनचं वेगळं आहे. तो चांगला असेल, पण शेवटी ते लोक..."

पुढचं तिनं गिळलं.

मला शाळेतले ते पाहुणे आठवले. ही अशी असून. तेव्हा मी हसले होते. चाळीस वर्षं मी तशीच हसत आले होते. कुणीतरी मला माझ्या रंगातून उचलून बाजूला ठेवायचं आणि मी त्यांचे आभार मानायचे. माझं शुद्ध मराठी मी पाससारखं दाखवत फिरले होते. कुंपणावरून कडीचं सांगितलं होतं तेही त्याचसाठी. बघा, मी तुमच्यातली आहे. हबशी म्हणणाऱ्याला मी त्या दिवशी दार कसं लावायचं ते शिकवलं.

मी म्हणाले, "धर."

"काय?"

"मला त्यांच्यातच धर. ग्लेन ज्यांच्यात आहे, त्यांच्यात. माझा बाप ज्यांच्यातला होता, त्यांच्यात. ते लोक म्हणालीस ना आत्ता, ते लोक म्हणजे मी."

"ताई, असं काय बोलतेस. हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत."

कोपऱ्यावर कीसच्या खिडकीतला पडदा हलला. मृणालनं दार आणखी थोडं लोटलं. फटीतून म्हणाली, "मग बुधवारी येऊ ना मी? आपण शांतपणे बोलू."

तिला खरंच वाटत होतं की बुधवार शिल्लक आहे.

"नाही," मी म्हटलं. "आणि मला ताई म्हणू नकोस."

पुढच्या सोमवारी मी सुट्टी घेतली. ग्लेनबरोबर पोलीस चौकीत गेले. त्याला यायचं नव्हतं. तो म्हणत होता, घर विकू, आल्मेरला माझा भाऊ आहे, तिकडे जाऊ. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर मान खाली घालून नोकरी केली आणि त्यालाही तेच शिकवलं. मी म्हटलं, तुला जायचं तर जा, मी या घरातून जाणार नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्याशी असं बोलले. तो बराच वेळ प्लास्टरच्या कडेचा कापूस उचकटत बसला. मग गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. एका हातानं त्याला चालवता येत नव्हतं.

तक्रार लिहून घेणारी मुलगी तरुण होती. तिनं सगळं नीट ऐकलं. फोटो, चिठ्ठ्या, मनगटाचा रिपोर्ट, सह्यांचा कागद दाखवला; मृणालचे "बघते हं" चे सगळे मेसेज मी एकेक करून तिला भाषांतर करून सांगितले. साक्षीदार कोण, असं तिनं विचारलं. मी मृणालचं आणि निखिलचं पूर्ण नाव सांगितलं. अक्षरं सुटी करून सांगितली.

मृणालला बोलावणं गेलं, तेव्हा तिनं मला रडत व्हॉइस मेसेज पाठवला. सव्वाचार मिनिटांचा. आमची नावं काढ, आमच्या अर्जाचं काय होईल, मी तुझ्या पाया पडते. मी एकदा पूर्ण ऐकला. उत्तर लिहिलं: जे पाहिलंस ते सांग.

तिनं सांगितलं नाही. मी काही पाहिलं नाही, असं लेखी दिलं. पुन्हा सही केली.

तीन महिन्यांनी सरकारी वकिलाचं पत्र आलं. पुरावा अपुरा, खटला चालवता येत नाही. त्या आठवड्यात कीस आम्हाला बघून शीळ घालत होता. निखिलनं अंगणात नवं कुंपण घातलं, दोन मीटर उंच. दोरीवर कपडे घालताना आता पलीकडचं काही दिसत नाही. ऐकू येतं. ती दोघं आता घरात आणि बाहेर इंग्रजीत बोलतात.

ग्लेनचं मनगट जोडलं गेलं, पण पूर्ण वळत नाही. लिफ्टच्या वरच्या कामाला आता त्याला पाठवत नाहीत. तो परत घर विकायचं बोलला नाही. परवा त्यानं स्वतःहून गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "माझा फोटो पुन्हा कुणी टाकला तर मी दर वेळी तक्रार करणार आहे." खाली अंगठा एकही नाही. एका म्हाताऱ्या डच बाईनं मात्र आमच्या दारात येऊन सांगितलं की तिनंही सही केली होती आणि ती आता मागे घेते. मी तिला म्हटलं, मला नका सांगू, पालिकेला लिहा. तिनं लिहिलं. मला प्रत दाखवली.

खटला चालवायचा नाही असं सरकारी वकिलानं ठरवलं, तर इथे त्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाता येतं. मी गेले आहे. कागद मी स्वतः तयार केला, चार वेळा लिहून. डचमधल्या चुका हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीनं तपासल्या. त्यात मृणालचं नाव पुन्हा आहे, तिच्या सहीसकट.

इथल्या मराठी लोकांत ही गोष्ट वेगळी सांगितली जाते, हे मला ठाऊक आहे. ती आफ्रिकन बाई, तिनं एका चांगल्या घरातल्या मुलीला पोलिसांत गोवलं. म्हणून हे मराठीत लिहिलं. नावं मी बदललेली नाहीत आणि बदलणार नाही.

कोर्टाची तारीख अजून आलेली नाही. कोर्टानं नाही म्हटलं तर पुढे कुठे जायचं, ते मी विचारून ठेवलं आहे.